रानगडी परत फिरतो

नवा पेशा बांधायला घे, असं मालकांनी सांगितलं तेव्हा धाकटीने लगेच मान हलवली. जिना उतरताना मात्र तिला वाटलं, आपण हे काय अंगावर घेऊन बसलो.

मालकांचा धंदा टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांचा. चार-पाच जण जमतात, एकेक जण एकेक पात्र होतो, सूत्रधार गोष्ट सांगत जातो आणि कुठे अडलं की फासे टाकतात. प्रत्येक पात्राला पेशा असतो: कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर. त्या पेशाचे नियम कुणीतरी डोकं लावून बांधावे लागतात, आणि छापखान्याच्या वरच्या त्या खोलीत ते काम धाकटीचं होतं. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे फासे आपोआप सरकायचे. चोर तिनेच घडवला होता. तो इतका खपला की मालक म्हणायचे, आपलं घर चोरावर चाललंय.

आता त्यांना रानातला लढवय्या हवा होता. माग काढणारा, जनावरं ओळखणारा, शहरात आला की बावचळणारा. नावही त्यांनी काढून ठेवलं होतं, वनकेसरी. धाकटी म्हणाली, हे नाव खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर शोभेल. आपण रानगडी म्हणू. मालक जरा कुरकुरले आणि कबूल झाले.

धाकटीचा दादा वनरक्षक होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऑफिसात तिने तो विषय कधी काढलाच नव्हता. सात-आठ वर्षांपूर्वी जमीन मोजायला गेलेली माणसं धुक्यात रानात अडकली. दादा एकटा आत गेला, सगळ्यांना हुडकून रानाच्या कडेपर्यंत घेऊन आला. समोर रस्ता दिसत होता, रस्त्यावर जीप उभी होती. 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच,' असं म्हणून तो परत फिरला, तो आलाच नाही. महिनाभर शोध चालला. टोपी नाही, बूट नाही, काही म्हणजे काही मिळालं नाही. आत कुणी राहिलंही नव्हतं, सगळे सुखरूप बाहेर आले होते. मग हा गेला कशाला? तो प्रश्न घरात येऊन बसला आणि वडील गेले तरी उठला नाही. थोरला उरला नाही, तरी घरादारात ती धाकटीच राहिली.

दादाला यात आणायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण रानाबद्दल तिला जे काही कळत होतं ते त्याच्याच तोंडून आलेलं. ती लिहीत गेली तसा तो येत गेला. रानात शिरण्याआधी रानगडी थोडा वेळ गप्प उभा राहतो, त्यामुळे त्याला कुणी बेसावध गाठू शकत नाही. दबलेल्या गवतावरून तो सांगतो कोण गेलं आणि किती घाईत गेलं. स्वतःसाठी लढताना बेताचाच, पण दुसऱ्यावर वार आला की त्याचा हात दुपटीने चालतो. छपराखाली त्याचा डोळा लागत नाही. आणि तो नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालतो.

हा शेवटचा नियम लिहून झाल्यावर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. शाळेतून येताना दादा असाच मागून चालायचा. पुढच्याला काय झालं ते सगळ्यांना दिसतं, मागच्याला काय झालं ते कोण बघणार, असं त्याचं म्हणणं.

पहिली चाचणी रविवारी दुपारी झाली. मालक सूत्रधार झाले. रानगडी व्हायला बसली दातांची डॉक्टरीण, जी खेळातसुद्धा तोट्याचा व्यवहार करत नसे. गोष्ट सरळ होती: रानात हरवलेल्या व्यापाऱ्यांना शोधून गावात आणायचं. डॉक्टरणीने लांडगे पिटाळले, नदी ओलांडली, व्यापाऱ्यांना एका कपारीतून बाहेर काढलं आणि रानाच्या कडेला आणून सोडलं. मालक म्हणाले, समोर गावातले दिवे दिसताहेत, काय करणार?

'बाकीचे पुढे जाऊ देत,' डॉक्टरीण म्हणाली. 'मी परत आत जाते.'

सगळे हसले. मालकांनी दोनदा विचारलं, ती दोनदा तेच म्हणाली. धाकटी तेवढी हसली नाही. पण एकीची लहर असेल, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

पुढच्या रविवारी रुग्णवाहिका चालवणारा ड्रायव्हर रानगडी झाला. मालकांनी मुद्दाम वेगळी गोष्ट घेतली. हा थट्टेखोर माणूस, लांडग्यांनाही नावं ठेवत होता. रानाच्या कडेला आला आणि त्याची बडबड एकदम थांबली. त्यानेही सगळ्यांना पुढे घातलं आणि स्वतः मागे वळला. मग मालकांनी नियमांची प्रत दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात पाठवली. तिथल्या खेळाडूंनी ना धाकटीला पाहिलं होतं, ना एकमेकांशी काही बोलून ठेवलं होतं. आठवड्याने दुकानदाराचा फोन आला: पेशा झकास आहे, फक्त आमचा गडी शेवटी घरी का येत नाही?

मालकांच्या मते नियमांत कुठेतरी गोम होती. घरी येण्यात फायदा दिसला तर कोण परत जाईल? मग धाकटीने तशी सोय केली. उंबरठ्याच्या आत पाऊल पडलं की रानगड्याच्या सगळ्या जखमा भरून येतील, बळ वाढेल. तिला आपलीच लाज वाटली. इतकं देते, ये की घरी, असं कुणाला तरी विनवल्यासारखं ते झालं होतं. आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. पुढच्या चाचणीतही रानगडी परत फिरला.

तेव्हा तिने डॉक्टरणीला दवाखान्यात जाऊन गाठलं. हात धुता धुता डॉक्टरीण आधी टाळाटाळ करत राहिली. मग म्हणाली की हसू नकोस, पण मी सगळ्यात शेवटी होते ना, तरी माझ्या मागे कुणीतरी चालत होतं. मालक तसं काही बोलले नव्हते. मला आपलं जाणवलं.

ड्रायव्हरने मात्र काही आडपडदा ठेवला नाही. रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसून तो म्हणाला, 'ताई, आतलं काहीतरी आमच्या मागे लागून कडेपर्यंत आलं होतं. तसंच बाहेर आलो असतो तर ते कुणाच्या तरी घरी गेलं असतं. मग त्याला परत कोण नेणार? शेवटी जो असतो तोच.'

धाकटी तिथून ऑफिसात गेलीच नाही.

दादाने बाहेर काढलेल्यांपैकी एक मोजणीदार याच शहरात राहत होता. सुरुवातीला तो दर वर्षी घरी यायचा आणि दर वर्षी धाकटी त्याला, आईला बरं नाही, असं सांगून वाटेला लावायची. हा जिवंत आहे आणि दादा नाही, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे तो यायचा बंद झाला. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्याची खोली होती. त्याने दार उघडलं, तिला ओळखलं, आणि एकुलत्या खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून तिला बसायला जागा केली. तिने विचारलं, त्या दिवशी काय झालं?

मोजणीदार समोर जमिनीवर बसला. सगळे बाहेर पोहोचले होते, तो सांगू लागला. जीप दिसल्यावर बाकीचे धावत सुटले. मोजणीदाराचा पाय मुरगळलेला, तो मागे रेंगाळला, म्हणून त्यालाच ते दिसलं. तिचा दादा धुक्याकडे तोंड करून उभा होता आणि कुणाशी तरी बोलत होता.

'कुणाशी?'

'मला कुणी दिसलं नाही. पण तो खाली वाकून बोलत होता, लहान मुलाला समजावतात ना, तसा. म्हणाला, इकडे कुठे आलास, चल, मी येतो तुझ्याबरोबर. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. आणि वळून बघू नका.'

'तुम्ही बघितलंत?'

'नाही. आजतागायत नाही.' तो म्हणाला. 'चौकशीत सांगितलं तर त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं नाही. भुकेने भ्रम झाला असेल, म्हणाले. तुमच्या घरी तेवढंच सांगायला येत होतो.'

धाकटीने त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, त्यात काय, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

घरी आली तेव्हा आई भाजी निवडत होती. धाकटीने सगळं सांगितलं, खेळाचं आणि मोजणीदाराचंही. आई भाजी निवडत राहिली. मग चांगली पानं टाकून देऊ लागली आणि देठ ताटात ठेवू लागली, तेव्हा धाकटीने तिचे हात धरले.

'भ्याला होता का तो?' आईने विचारलं.

'नाही. समजावत होता, म्हणाले.'

आईने हात सोडवून घेतले. मग म्हणाली, 'लहान असताना कुणाचंही पोर वाटेत रडताना दिसलं की हा त्याला घरी पोचवून यायचा. किती मार खाल्लाय त्याने उशिरा येण्यावरून. त्यालाही घरी पोचवायला गेला असेल. फार आत असेल त्याचं घर.'

एवढं बोलून ती रडली. इतक्या वर्षांत धाकटीने तिला रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने उंबरठ्याचा तो फायदा खोडून टाकला आणि तिथे वेगळा नियम लिहिला: रानगडी परत फिरला तर बाकीच्यांपैकी कुणीही त्याच्याबरोबर जाऊ शकतो, मात्र त्याने स्वतःहून तसं म्हटलं पाहिजे. मालक म्हणाले, असं कोण म्हणणार आहे? ती म्हणाली, बघू.

रविवारी ड्रायव्हर पुन्हा रानगडी झाला, डॉक्टरीण या वेळी तलवारबाज होती. रानाच्या कडेला ड्रायव्हर वळला. मग डॉक्टरीण म्हणाली, 'थांब, मी येते.' तिच्यामागोमाग मांत्रिक उठला, चोरही उठला. सगळेच्या सगळे आत निघाले. मालकांची पंचाईत झाली, कारण आत काय आहे ते त्यांनी रचलंच नव्हतं. त्यांनी धाकटीकडे बघितलं आणि मुकाट्याने आपली खुर्ची तिला दिली.

तिलाही ठाऊक नव्हतं. पण ती सांगत गेली. धुकं आहे. पायवाट संपली आहे. पुढे कुणीतरी लहान चालतंय, कारण ओल्या मातीत पाऊल उमटलंय ते जेमतेम वीतभर. त्याच्या शेजारी एक मोठं पाऊल आहे. बुटाचं आहे. मोठी पावलं जवळजवळ पडली आहेत, म्हणजे मोठा माणूस लहानग्याच्या चालीने चालला आहे. आणि माग ताजा आहे.

'किती ताजा?' ड्रायव्हरने विचारलं.

'दबलेलं गवत अजून उठतंय,' धाकटी म्हणाली. खाली छापखाना बंद होता, तरी टेबलावरचा एक फासा हळूच सरकला. तो सगळ्यांनी पाहिला.

त्या पावसाळ्याअखेर रानगडी छापून बाजारात आला. दुकानांतून अजूनही विचारणा होते, आमचा गडी परत का फिरतो? मालक सांगतात, तो तसाच आहे. मोजणीदार आता अधूनमधून घरी येतो आणि आई त्याला दादाच्या लहानपणच्या गोष्टी सांगते.

धाकटीला मात्र घरी येताना जिन्यावर कुणीतरी मागून येत असल्यासारखं वाटतं. ती वळून बघत नाही. घरात शिरते आणि दार थोडा वेळ तसंच उघडं ठेवते. आई आतून म्हणते, लाव ते, डास येतील. धाकटी म्हणते, येऊ देत.