तीन जास्तीचे स्टार्ट

उत्तर सापडलं नाही की मी चिडते, आणि देऊळगाव राजाच्या त्या जनरेटरने मला महिनाभर चिडवलं होतं.

एका बियाणे कंपनीच्या शीतघरासाठी तो बसवलेला. आत टोमॅटो-मिरचीचं मूळ बियाणं, बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये गॅसवर चालणारं इंजिन. लाइट गेली की त्याने आपोआप सुरू व्हायचं. पण कधी सुरू व्हायचं, कधी नुसतं घरघरून गप्प बसायचं. मॅनेजर भागवत साहेबांनी सांगून टाकलं होतं, की महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही तर मशीन परत जाईल आणि ते चालवणारे उकंडरावही घरी जातील. उकंडरावांची नोकरी दीडच वर्ष उरली होती. इथे येण्याआधी वीस वर्षं त्यांनी कापसाच्या जिनिंगमधलं डिझेल इंजिन सांभाळलं होतं.

मी अर्पिता, सर्व्हिसवाली. दर सोमवारी बुलढाण्याहून निघून अकराला तिथे पोचायचे. बॅटरी बदलली, प्लग बदलले, गॅसचा दाब मोजला. चाचणीचं बटण दाबलं की इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू. मी ‘ठीक आहे’ असं लिहून द्यायचे आणि दोन दिवसांनी पहाटे लाइट गेली की हे महाराज पुन्हा रुसायचे. ते मला ओळखतं आणि मुद्दाम करतं, असंसुद्धा वाटायला लागलं होतं.

थंडीची शंका मला आली नव्हती असं नाही. असं इंजिन गार असलं की कुरकुरतं, म्हणून त्याला एक हीटर असतो. इंजिन बंद असतानाही तो आतलं पाणी कोमट ठेवतो. पण दर सोमवारी मी इंजिनाला हात लावायचे, आणि ते छान कोमट लागायचं. म्हणजे हीटर चालू आहे. तो मुद्दा मी पहिल्याच दिवशी खोडून टाकला होता.

चौथ्या सोमवारी काहीच सुचेना म्हणून पॅनेलवरचे आकडे वाचत बसले. इंजिन आजवर किती वेळा सुरू झालं, तेही तिथे दिसतं. पहिल्या भेटीत निघताना मी त्याचा फोटो काढला होता, दोनशे बारा. आता दोनशे तेवीस. उकंडरावांच्या वहीत मात्र मधल्या काळात आठच वेळा सुरू झाल्याची नोंद. अकरातून आठ गेले, राहिले तीन. त्या फोटोनंतरचे सोमवारही, आजचा धरून, तीनच होते. मला एकदम हुरूप आला.

उकंडरावांना विचारलं तर ते फडक्याने आधीच स्वच्छ असलेलं पॅनेल पुसायला लागले. मी हटले नाही.

“तुम्ही यायच्या आधी, ऊन चढलं की पंधरा मिनिटं चालवून ठेवतो,” ते शेवटी म्हणाले. “पाहुण्यापुढं लेकराले न्हाऊ घालूनच आणतात ना, मॅडम.”

मला हसू आलं आणि त्याच दमात रागही आला. माझा तळहात महिनाभर उकंडरावांनी दिलेली ऊब तपासत होता! मीटर लावून हीटर तपासला. जळालेला होता, कधीचाच.

गुपचूप नवा बसवला असता तर प्रश्न मिटला असता. पण तीनदा ‘ठीक आहे’ लिहून दिल्यावर भागवत साहेब माझ्या शब्दावर कशाला विश्वास ठेवतील? आधी बंद पडलेलं दाखवावं लागणार होतं. हे मी उकंडरावांना सांगितलं. साहेबांपुढे मशीनने मान टाकली तर आपल्याला घरीच बसवतील, अशी त्यांना धास्ती होती, आणि ती काही खोटी नव्हती. मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं.

“बलावा साहेबाले उद्या सकाळी. मी हात लावत नाही.”

दुसऱ्या दिवशी सातला मी बटण दाबलं. इंजिन तीनदा घरघरलं आणि बिघाडाचा भोंगा वाजला. उकंडराव हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते. मी साहेबांचा हात इंजिनावर ठेवला. गारठा त्यांनाच कळला. मग नवा हीटर लावला आणि दोन तास थांबून पुन्हा बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात सुरू.

साहेबांनी विचारलं, की मग दर सोमवारी हे कसं काय चालायचं? मी हवामानावर काहीतरी ढकलून देणार होते. उकंडराव आधी बोलले.

“मीच गरम करून ठेवत होतो, साहेब. मॅडमची चूक नाही.”

साहेबांनी वही मागवून पानं चाळली. सगळीकडे ‘सुरू झाले’, ‘सुरू झाले’. सुरू न झाल्याची नोंद एकही नव्हती. त्यांनी आजचं पान उघडून पेन उकंडरावांपुढे धरलं. उकंडरावांनी सावकाश लिहिलं, ‘सकाळी ७. सुरू झाले नाही.’

“पुढच्या सोमवारपासून चाचणी सहाला, गार इंजिनावर,” साहेब त्यांना म्हणाले. “तुम्ही घ्यायची. जे होईल ते लिहायचं.”

“आणि सुरू नाही झालं तं?”

“तर तेही लिहायचं. दीड वर्ष आहे अजून तुमच्याकडे.”

साहेब गेले. मला इतकं हलकं वाटलं, की हत्यारं भरताना पाना दोनदा हातातून पडला. उकंडरावांनी इंजिन बंद केलं, पण ते लगेच हलले नाहीत. दुपारी मी निघाले तेव्हाही ते शेडमध्येच होते आणि बंद इंजिनावर तळहात ठेवून ऊब टिकते का ते बघत होते.