खपलीची खीर

धोंडीबाने उभ्या गव्हात बैल घातले. बुटक्या ताटांचा नव्या वाणाचा गहू आठ दिवसांपूर्वीच निसवला होता. बैल खायला थांबले की तो काठी हाणी आणि ओंब्या खुरांखाली चिखलात जात.

पिंपरीच्या कंपनीतली शिफ्ट करून आलेला त्याचा मुलगा जयसिंग बांधावरून धावला.

“आबा, येड लागलं का? उभं पीक हाय!”

“इख हाय हे! गेल्या सालापास्नं हेच खाऊन तुझ्या कस्तुराचं प्वाट फुगलं. पोरीच्या काड्या झाल्या!”

“खपलीपरीस दुप्पट पोती देतंय हे.”

“पोती मोजतोस व्हय? पोरीच्या बरगड्या मोज!”

जयसिंगने कासरा धरला. धोंडीबाने काठी फिरवली. मनगट उसाच्या कांड्यासारखं वाजलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्याला सून प्रभावती मध्ये पडली, तेव्हा तो थांबला.

दुसऱ्या दिवसापासून नातीला फक्त जुनी खपली. खपली गव्हाचं टरफल कांडल्याशिवाय सुटत नाही. जन्मात मुसळाला हात न लावलेला धोंडीबा स्वतः उखळाशी बसला. गूळ घालून खीर शिजवायला लावी. आजारी माणूस खपलीच्या खिरीवर उठतं, हे त्याने आईकडून ऐकलेलं. कस्तुरा ओकली की तो तिचं तोंड पुसून पुन्हा पळी पुढे करी.

“जुनं अन्न हाय. बसंल हळूहळू.”

पोरीला उभं राहवेना, तेव्हा प्रभावती कुणाला न विचारता तिला घेऊन मावळात माहेरी गेली.

दोन महिन्यांनी त्या परतल्या. कस्तुरा एसटीपासून चालत आली. पोट उतरलं होतं, गाल भरले होते.

“बघा! खपली अंगी लागली!” धोंडीबा म्हणाला.

प्रभावतीने पदर सावरला. “मामंजी, आमच्याकडं गहूच न्हाई. नवा न्हाई, जुना न्हाई. नुसत्या भातावर होती ती.”

जयसिंग भिंतीशी बसला होता. मनगट वाकडं सांधलं होतं. कंपनीने त्याला मशीनवरून काढून झाडलोटीला लावलं होतं.

कस्तुरा उखळाकडे बघून आईमागे सरकली. “आजोबा, खीर नगं.”

धोंडीबा ताडकन उठला. अंगणात भिरकावून द्यायला त्याने मुसळ उचललं.

जयसिंगने वाकडा हात डोक्यावर धरला.

धोंडीबा तसाच उभा राहिला. मुसळ कुठे ठेवावं, ते त्याला कळेना.