देखरेखीची खोली

तुरुंगाच्या डॉक्टरीणबाईंना एकच काम अगदी नकोसं वाटायचं. दर सोमवारी एकांत कोठडीच्या दाराच्या फटीतून आत बघायचं आणि कैदी आणखी आठवडाभर एकटा राहायला धडधाकट आहे, अशी सही करायची. खाटकाने कापण्याआधी बकऱ्याची नाडी बघावी, तसला हा प्रकार.

आत होता बडबड्या. बराकीतल्यांनी ठेवलेलं हे नाव, आणि उगाच ठेवलेलं नव्हतं. झोपेतसुद्धा तो कोणाशी तरी हुज्जत घालायचा म्हणे. एकदा सगळ्यांदेखत जेलरला उलट बोलला, आणि तोंडानेच त्याचा घात केला. सुरुवातीला तो फटीतून बोलून बोलून बाईंना हैराण करायचा. मग उत्तरं आखूड होत गेली. या सोमवारी "कसा आहेस?" विचारलं, तर तो भिंतीकडे तोंड करून दातांनी बोटांची सालं काढत बसला होता. बोटं रक्ताळली होती. जेवणाची थाळी तशीच पडली होती.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तशाच त्या जेलरच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मी सही करणार नाही. हा माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल. लेखी देते हवं तर."

जेलर भला माणूस होता, निदान स्वतःच्या मते. "बाई, तुमचा शब्द मी कधी मोडलाय? द्या लेखी. आजच हलवतो त्याला."

त्या दिवशी बाई घरी हसत गेल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "नोकरीत पहिल्यांदाच काही कामाचं केलं बघ." बिचाऱ्या!

दुसऱ्या दिवशी त्या बराकीत गेल्या, तर बडबड्या तिथे नव्हता. जिवाला धोका असलेल्या कैद्यासाठी म्हणे वेगळी खोली असते, देखरेखीची. नियमच तसा. तिथे पांघरूण नाही, कपडे नाहीत, खिडकी नाही, दिवा कधी विझत नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, आणि ढकलणारा हात बाईंचाच.

"अहो, पण तिथेही तो एकटाच आहे," त्या जेलरला म्हणाल्या.

"एकटा कसा? शिपाई भोकातून सारखा बघतोय की. आणि लेखी तुमचंच आहे. उद्या काही झालं तर मान माझी अडकायची. तुम्ही धडधाकट लिहा, लगेच जुन्या कोठडीत पाठवतो."

"आणि बराकीत?"

"शिक्षा संपल्यावर."

बाई त्या खोलीकडे गेल्या. बडबड्या दाराशीच कुडकुडत उभा होता.

"बाई, तिकडे निदान स्वयंपाकघरातली भांडी ऐकू यायची. कोणीतरी कोणाला शिव्या घालायचं. मला बरा लिहा."

"तू बरा नाहीस रे."

"भीक नको पण कुत्रं आवरा, बाई. पाया पडतो तुमच्या."

कित्येक आठवड्यांत तो एवढं बोलला नव्हता. बाईंना त्याचंच रडू आलं. त्यांनी कागद मागवला आणि धडधाकट असं लिहिलं.

शिपाई त्याला घेऊन निघाला. बडबड्याच पुढे चालत होता, शिपायाला मागे टाकून. जुन्या कोठडीच्या दारात तो थांबला, वळला, बाईंना हात जोडले.

"देव तुमचं भलं करो," म्हणाला, आणि आपल्या पायांनी आत गेला.