पिवळ्या काचेची साक्ष

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला कोणाची कीव नको. माझी काच वयाने पिवळट झाली आहे, अंगावरचा रंग उडाला आहे. पण कामात कसूर नाही.

कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगे उजेडाकडे धरून तपासली आणि मान डोलावली. मग मुरिनने मला आपल्या पहिल्या पगारातून घेतले. तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्ही गॅलवे बंदराच्या धक्क्यावर असतो. थंडीत खाडीवर कुरव पक्ष्यांची झुंबड उडते. सगळे पांढरे-करडे. पाय, चोच आणि पंखांची टोके पाहूनच कोण कोणत्या जातीचा ते कळते. मुरिन शिळा पाव भिरकावते, पक्षी जवळ येतात आणि माझे काम सुरू होते. एके काळी माझ्यातून बघायला लोक रांग लावत. नव्या दुर्बिणी आल्या आणि रांग संपली.

या हिवाळ्यात एके दिवशी मुरिन ओरडली, "पिवळे पाय! दक्षिणेकडचा पाहुणा आलाय!" असा पक्षी आमच्याकडे क्वचितच येतो.

तिचा धाकटा भाऊ दोनल हसला. "ताई, त्या काचेतून माझे दातसुद्धा पिवळे दिसतील. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाक ती."

"तुझे दात बघायला दुर्बीण कशाला लागते? आणि तुझी नवी कुठंय?"

"गाडीत. पाऊस आहे ना!"

मला हसू आले, पण मुरिन गंभीर होती. "माझी खोटी ठरली, तर आजच देईन. ये, डोळा लाव."

 मी पाहुण्यावरून नजर हलवली नाही.

"पिवळेच दिसणार की," दोनल म्हणाला.

"आता शेजारचा बघ. आपला रोजचा."

दोनलने मला शेजारच्या पक्ष्याकडे वळवले. मग पुटपुटला, "गुलाबी."

"मग काय रे, माझी काच एकट्या पाहुण्याचेच पाय रंगवते?"

धक्क्यावर पक्षी बघायला आलेले सगळे हसले. दोनल मात्र जागचा हलेना. "थांब ना ताई, अजून जरा बघू दे!"

तर मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिला एकदा डोळा लावून पाहा. मला मऊ फडक्याने पुसा, बाहीने नको. पिवळी म्हणायचे तर खुशाल म्हणा, खोटी म्हणू नका. उद्याही पाऊस आहे म्हणतात. मी धक्क्यावरच असेन.