सगळ्यांसाठी एकच ओळ

मी एन्व्हायरन्मेंट फाईल बोलतेय. दचकू नका, नाव मोठं असलं तरी जीव लहान आहे. लिनक्सच्या कम्प्युटरमध्ये ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरात माझा मुक्काम. सिस्टीम बसवली तेव्हाच माझा जन्म झाला. शिक्षण बेताचंच. आधी नाव, मग बरोबरचं चिन्ह, पुढं किंमत. बस्स, याच्यापुढं मला काही येत नाही आणि येतंय असं सोंगही मी आणत नाही.

काम मात्र घरातल्या थोरल्या बाईचं. कुणी लॉगिन करून आत आलं, की उंबऱ्यावरच त्याला सांगायचं, बाबा रे, आज्ञा टाइप केलीस की ती अमुक-अमुक फोल्डरांत शोध. त्या फोल्डरांचे पत्ते ज्या ओळीत, तिचं नाव पाथ. ज्याच्या-त्याच्या खोलीत, म्हणजे खासगी फोल्डरात, ज्याची-त्याची फाईल असते, तिच्यातलं त्याच्यापुरतं. माझ्यातलं सगळ्यांना लागू.

माझा कम्प्युटर आहे रक्त तपासायच्या लॅबमध्ये. लॅब एका नणंद-भावजयीची. वहिनी रक्त तपासते, नणंद कम्प्युटर सांभाळते. दोघींचं लॉगिन वेगळं, जीभ सारखीच तिखट. नणंदेनं रिपोर्ट काढायचा नवा प्रोग्रॅम बसवला आणि त्याच्या फोल्डरचा पत्ता लिहिला कुठं, तर स्वतःच्या खोलीतल्या फाईलमध्ये! माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. माणसांची खोडच ही. आपलं चाललं, की जगाचं चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आपल्या लॉगिननं बसली. बाकावर एक मुलगी ताटकळत होती. तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. वहिनीनं प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं. उत्तर आलं, अशी आज्ञा सापडत नाही.

“वन्सं, तुमचा प्रोग्रॅम मला ओळख देईना!”

“माझ्याकडं तर मस्त चालतोय.”

“मग पेशंटही तुमच्याकडंच पाठवते!”

नणंदेनं लॅपटॉप उघडला, तिथूनच या कम्प्युटरला जोडून घेतलं आणि एकदाची मला उघडलं. पण हाताची सवय! पाथच्या ओळीतले जुने पत्ते पुसले, त्या जागी डॉलर लावून पुन्हा पाथ लिहिलं आणि पुढं नवा फोल्डर. टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा जो शेल, त्याला ते समजतं. जुनं सगळं आहे तसं ठेव, त्यात हे घाल, असा त्याचा अर्थ. मला कुठं समजायला? माझ्या लेखी डॉलर म्हणजे नुसतं एक अक्षर. लिहिलं तेच मी पुढं सांगितलं, आणि जुने पत्ते गेले ते गेलेच.

वहिनी बाहेर पडून पुन्हा आत जायला गेली. पडदा काळा झाला आणि परत लॉगिनच्याच दारात उभी. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

“काय केलंत हो? आधी एकच चालत नव्हतं, आता सगळंच बसलं! थांबा, बंद करून चालू करते.”

“हात लावू नका!” नणंद ओरडली. “माझी ही खिडकी बदलाच्या आधी उघडलेली आहे. तिला जुनं सगळं ठाऊक आहे. ती गेली, तर आपण दोघी बाहेर.”

खरंच होतं ते. मी फक्त नव्यानं येणाऱ्याशी बोलते. आधीच आत असलेल्याला माझा बदल कळत नाही.

मुलगी काउंटरपाशी आली. “ताई, दवाखान्यातून सारखा फोन येतोय.”

“बस, बाळ,” वहिनी म्हणाली. “आमच्या वन्सं आहेत ना. होईल.”

मघापासून टोमणे मारणारी बाई ही! नणंदेनं एकदा वर पाहिलं. मग त्या उघड्या खिडकीकडून जुने पत्ते काढून घेतले, एकेक मोठ्यानं वाचत माझ्यात पूर्ण लिहिले, शेवटी नवा जोडला. डॉलर नाही, आडपडदा नाही.

“या आता आत.”

पडदा उजळला. वहिनीनं नाव टाइप केलं. प्रिंटर कुरकुरला. तिनं कागद वरपासून खालपर्यंत तपासला, सही केली आणि मुलीच्या हातात दिला. मुलगी पळतच सुटली.

“आता लावा की ती खिडकी,” वहिनी म्हणाली.

“आधी माझ्या नावानं नव्यानं आत जाऊन बघते. मग लावते.”

आता मला कुणी उघडत नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. एवढंच सांगते, सगळ्यांसाठी लिहायला बसलात तर पुरतं लिहा. मी अंदाज बांधत नाही. अर्धं सांगाल तर अर्धंच पुढं सांगेन, आणि तिकडं कुणाचा तरी बाप खाटेवर वाट बघत पडलेला असेल.