मूठभर तांदळाचा आवाज

मी शिस्तीचा माणूस म्हणून तंजावुरात प्रसिद्ध आहे. एका तमिळ साप्ताहिकात मी तीसेक वर्षं दर आठवड्याला विनोदी सदर लिहिलं आणि एकदाही मजकूर उशिरा दिला नाही. लिहायचं तमिळमध्ये आणि रागवायचं मराठीत, अशी आमच्या घरची वाटणी होती. सदर थांबवल्यावर कॉलेजं मला ‘नियमितपणाचं महत्त्व’ या विषयावर बोलायला बोलावू लागली. मी गेलो. पहाटे उठा, एकच कॉफी घ्या, टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवा, असं सांगितलं. मुलांनी झोपेतून उठून टाळ्या वाजवल्या.

त्यामुळे धाकट्या भावाची मुलगी हरिता चेन्नईहून बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. कालव्याचं पाणी टोकाच्या शेतापर्यंत का पोचत नाही, असा तिचा विषय. पाणी पोचत नव्हतंच, आता प्रकरणही पोचत नव्हतं. सोमवारी दुपारपर्यंत ते गाइडकडे गेलं नाही तर नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांची सगळी मेहनत फुकट.

“हॉस्टेलमध्ये फार गलबला, काका,” ती म्हणाली. “तुमच्याकडे किती शांत असतं!”

ते खरं होतं. माझी बायको वसुमती गेली त्याला दोन वर्षं झाली. सदरही मी तेव्हाच थांबवलं. वय झालं, विषय संपले, असं लोकांना सांगितलं. तंजावुरात विषय संपले म्हणणारा माणूस खोटं बोलतो हे लोकांना कळत होतं, पण ते सभ्य आहेत. इडलीचं पीठ आता कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीत येतं. पिशवी कापायला काही आवाज होत नाही.

हरितानं मधल्या खोलीतलं माझं टेबल ताब्यात घेतलं. भिंतीवर पिवळे-गुलाबी कागद चिकटवले, फोन पितळी डब्यात कोंडला आणि टोमॅटोच्या आकाराचं एक गजराचं घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं काम करायचं, मग टोमॅटो ओरडला की पाच मिनिटं विश्रांती. भाजीच्या हुकमाखाली काम करायला माझी हरकत नव्हती. मी नोकरीत असताना साहेब याहून कमी पिकलेले असत.

मग आम्ही दोघांनी मिळून शांतता बसवली. टीव्ही बंद केला, बेलची वायर काढली, कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल घातलं. मिक्सर नको म्हणून चटणीऐवजी लोणचं. खोकला आला की मी परसाच्या टोकाला जाऊन खोकत होतो.

शुक्रवारी सकाळी लोक यायला लागले.

राजवाड्यामागची आमची गल्ली जुनी आहे, घरांच्या भिंती एकमेकींना लागून. इथं आवाज आला तर कोणी मान वळवत नाही. आवाज थांबला की मात्र सगळे उठून येतात. आधी दूधवाली डोकावली. मग समोरचे निवृत्त तहसीलदार आले आणि नुसतंच माझ्याकडे बघत बसले. मग शेजारची राजलक्ष्मी, वसुमतीची जुनी मैत्रीण, पदराला हात पुसत आली.

“अनिरुद्धराव! आहात ना?”

“आहे.”

“सकाळपासून खोकला ऐकू आला नाही. मी म्हटलं, झालं!”

“काय झालं?”

“अय्यो, ते जाऊ द्या. आहात ना, मग पुरे.”

आलेल्या प्रत्येकाला कॉफी द्यावी लागली. चेन्नईहून मुलगी आलीय म्हटल्यावर ती दाखवावीही लागली. लग्न कधी आणि पुस्तक कधी संपणार, हे प्रश्न याच क्रमानं विचारले गेले. टोमॅटो आत एकटाच ओरडत होता.

शनिवारी हरितानं दारावर तमिळमध्ये पाटी लावली: काम चालू आहे, कृपया आवाज करू नये. त्याबरोबर कसलं काम चालू आहे ते विचारायला लोक आले. दोघांनी चांगला गवंडी सुचवला. तहसीलदार गवंड्यालाच घेऊन आले. त्यानं मधल्या खोलीची भिंत ठोकून पाहिली आणि ओल आहे म्हणाला.

संध्याकाळी हरिता बाहेर आली. टोमॅटो तिच्या हातात होता आणि डोळे टोमॅटोसारखेच झाले होते.

“काका, मी गाइडना कळवून टाकते. नाही होत माझ्याच्यानं. दोन दिवसांत दीड पान झालंय, त्यातलं एक खोडलंय.”

“असं कसं? पहाटे ऊठ, एकच…”

“उठते मी पहाटे! कॉफी एकच घेते. टेबल भिंतीकडेच आहे, तुमचंच आहे. मग तुमचं कसं व्हायचं, सांगा ना? हेच घर, हीच माणसं!”

मी तोंड उघडलं. कॉलेजात या प्रश्नाआधीच घंटा होत असे.

राजलक्ष्मी सकाळी नेलेलं भांडं परत द्यायला आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसायला लागली.

“त्यांना काय विचारतेस गं? त्यांना ठाऊक असलं तर ना! पीठ वाटायचा तो दगडी ग्राइंडर लाव.”

“ग्राइंडर? राजी मामी, इथं मी पंख्याचा आवाज…”

“लाव म्हणते ना. ग्राइंडर चालू असलेल्या घरी कोण जातं? घरच्या बाईचे हात पिठात, बोललेलं ऐकू येत नाही, कॉफी मिळत नाही. अख्खी गल्ली दारातून परत. ह्यांच्या लिहायच्या दिवशी वसू सकाळी लावायची. ह्यांचं लिहून झालं की बंद.”

“इडलीसाठी लावायची ती,” मी म्हटलं.

“किती इडल्या खायचात तुम्ही? मलाही आधी तसंच वाटायचं. एकदा पीठ मागायला वाटी घेऊन आले, झाकण काढून बघते तर आत मूठभर तांदूळ आणि पाणी! दगडाला दगड लागू नये एवढेच. मी म्हटलं, वसू, हे काय गं? तर म्हणते, राजी, कुठं बोलू नकोस. ह्यांना कळलं तर ह्याच्यावरच लिहितील, आणि मग गल्लीला कळेल.”

हरिता माझ्याकडे बघत होती. मी परसातल्या कढीपत्त्याकडे बघत होतो. एके काळी त्या झाडाचं एवढं कौतुक होतं की लोक विचारायला येत, आणि मी पूर्वेच्या उन्हावर त्यांना व्याख्यान देत असे. ते तांदळाचं पांढरं पाणी कुठं जायचं, हे मला कधी सुचलं नाही. दोन वर्षांत झाड खंगलं होतं. ऊन कमी झालंय, असं मी सांगत होतो.

ग्राइंडर मागच्या पडवीत होता. वसुमतीच्या जुन्या साडीच्या तुकड्यानं झाकलेला, वर तिच्या पद्धतीची घट्ट गाठ. गाठ सोडायला मला बराच वेळ लागला. घाई कोणीच केली नाही.

रविवारी सकाळी मूठभर तांदूळ घातले, तांब्याभर पाणी ओतलं आणि बटण दाबलं. आधी तो नुसताच कण्हला. मग दगडी भांडं फिरायला लागलं आणि ती जुनी घरघर सुरू झाली. खिडकीचे गज थरथरले, भिंतीवरचा एक गुलाबी कागद गळून पडला. दोन वर्षांत पहिल्यांदा ते घर माझ्या ओळखीचं वाटलं.

तहसीलदार दारापर्यंत आले. थांबले. ऐकलं. समाधानानं मान हलवून परत गेले. दूधवाली दूध ठेवून न बोलता निघून गेली. गल्लीच्या लेखी सगळं ठीक होतं.

ग्राइंडर लावून निघून जाता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पाणी उडतं, कमी होतं, दगड घासायला लागतात. मधूनमधून पळीभर पाणी घालत तिथंच उभं राहावं लागतं. पाय दुखतात. आणि एक गोष्ट कळली, जी तिथं उभं राहिल्याशिवाय कळली नसती. तिथून पडवीच्या खिडकीतून मधल्या खोलीतलं टेबल दिसतं. लिहिणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. पाठ दिसते.

हरिताची पाठ वाकलेली होती. खांदा हलत होता, म्हणजे प्रकरण पुढं जात होतं.

म्हणजे इतकी वर्षं वसुमतीनं माझी पाठ पाहिली. काय वाटलं असेल तिला? अभिमान वाटला असेल, असं लिहिणारे लिहितील. मी तिला ओळखतो. तिच्या मनात आलं असेल, कॉलर झिजली, उलटून शिवायला हवी. माझ्या शर्टांच्या कॉलरी नेहमी वेळेवर उलटलेल्या असत. मी शिंप्याला चांगला म्हणत आलो.

रविवारभर मी पाणी घातलं. सोमवारी पुन्हा घातलं. टोमॅटो ओरडत असावा, पण ऐकू कोणाला येणार? पंचवीस मिनिटांनी विश्रांती घ्यायची असते हे हरिता विसरूनच गेली होती. दुपार व्हायच्या जरा आधी ती पडवीत आली आणि ओरडून काहीतरी म्हणाली. मी बटण बंद केलं.

“गेलं, काका! पाठवलं! गाइडचं उत्तरही आलं.”

“काय म्हणतात?”

“मिळालं, वाचतो.”

गाइडच्या भाषेत याला आशीर्वाद म्हणतात, असं तिनं मला समजावलं. मग भांड्यात वाकून बघितलं. “ह्याच्या इडल्या होणार नाहीत ना?”

“हे कढीपत्त्याला.”

मग माझ्या हातातली पळी तिनं काढून घेतली.

“आता तुम्ही बसा.”

“कुठं?”

“टेबलाशी. काकूंना भीती होती ना, तुम्ही ह्याच्यावर लिहाल म्हणून? मग लिहा की.”

“तुझी गाडी आहे संध्याकाळी.”

“संध्याकाळी आहे. आत्ता दुपार आहे.”

आणि तिनं बटण दाबलं. त्या आवाजात वाद घालता येत नाही. वसुमतीनं तोही विचार केला असणार.

मी आत जाऊन बसलो. समोर भिंत, भिंतीवर पिवळे कागद, हातात पेन. मागं कोणीतरी पळीनं पाणी घालत होतं. मान मागं वळवायची नाही असं ठरवलं. कॉलर तेवढी चाचपून पाहिली. झिजलेली होती. राहू दे म्हटलं, आणि पहिलं वाक्य लिहिलं.