वर्षभर राहिलेले रंग

"ओठ मिटू नकोस. वाळू दे," हाजिया सलामातूने दटावलं. "आणि हसू नकोस. वाळायच्या आत हसलीस की चिरा पडतात."

"मग असलं विकतेस कशाला?" बिरागो ओठ न हलवता पुटपुटली.

"बोललीच बघ! वर्षभर तोंड शिवून बसली होतीस, अजून थोडा वेळ बस की."

घानातल्या कुमासी शहराच्या केजेतिया बाजारात, कापडवाल्यांच्या ओळीमागच्या बोळात हाजियाचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींच्या मध्ये खुपसलेलं फडताळच ते. वरपासून खालपर्यंत डब्या, बाटल्या, पेन्सिली, आणि समोर एकच स्टूल. त्या स्टुलावर अदवोआ बिरागो गेली वीसेक वर्षं बसत आली होती. मधलं एक वर्ष तेवढं सोडून.

गुरुवारी ते वर्ष संपलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अंगणात दारूची धार धरली, मेलेल्यांची नावं घेतली आणि बिरागोच्या अंगावरचं काळं उतरवलं. उद्या रविवारी चर्चमध्ये पांढरी वस्त्रं नेसून देवाचे आभार मानायचे, की ओपोकुची विधवा पुन्हा चारचौघांसारखी जगायला मोकळी होणार होती. मधला शनिवार तिने कोणालाही न विचारता स्वतःसाठी काढून ठेवला होता.

बिरागो सुन्यानी गावाला जाणाऱ्या गाड्यांच्या तळावर तिकिटं विकायची. लोखंडी जाळीच्या खिडकीतून उतारूंना तिचा अर्धा चेहरा तेवढा दिसायचा, आणि त्यात सगळ्यात आधी दिसायचे ते तिचे ओठ. कधी जांभळे, कधी विटकरी, नाताळात रसरशीत लाल. "सुन्यानीचं तिकीट कुठे मिळतं?" असं कोणी विचारलं तर हमाल सांगायचे, "तो लाल ओठांचा झरोका दिसतो ना, तिथे." बाजारात नवं काही आलं की आधी ते बिरागोच्या तोंडावर दिसायचं आणि मग तळावरच्या बाकी बायकांच्या. आणि तिने कुठलीच वस्तू कधी पुऱ्या किमतीला घेतली नव्हती. त्याचा तिला भारी अभिमान होता.

तिचा नवरा ओपोकु त्याच तळावर गाडी चालवायचा. त्याचा रंग थेट तिच्यासारखा होता, तव्याच्या पाठीसारखा काळा, जराही फिका नाही. त्यामुळे बिरागो कुठलाही नवा रंग आधी त्याच्या हातावर ओढून बघायची. गाडी भरेपर्यंत तो खिडकीतून हात बाहेर टाकून बसायचा आणि कोपरापासून मनगटापर्यंत तांबड्या-गुलाबी रेघा मिरवायचा. बाकीचे ड्रायव्हर ओरडायचे, "काय रे ओपोकु, आज कुठला रंग?" तो म्हणायचा, "मला काय विचारता? मी फळा आहे. मास्तरीण तिकडे बसलीये."

आणि एका सकाळी तो गाडीकडे जायला म्हणून उठला, आणि पलंगाच्या कडेला बसला तो बसलाच.

मग रीतीप्रमाणे बिरागोचे केस उतरले, कानातलं गेलं, काळं कापड आलं. ती पुन्हा खिडकीत बसायला लागली तेव्हा नेहमीचे उतारू वाकून आत बघायचे. एकाने तर तिलाच विचारलं, "ताई, तुमची धाकटी बहीण बसायची ना इथे? ती कुठे गेली?" बिरागोने त्याला उरलेले पैसे दिले आणि म्हणाली, "येईल ती."

म्हणाली खरी, पण तिचा तिलाच भरवसा नव्हता. पहिले काही महिने तिला रंगांची आठवणसुद्धा झाली नाही. वाटलं, तो हात गेला, त्याच्याबरोबर ही हौसही गेली. मग पावसाळा सरता सरता एक कॉलेजातली मुलगी तिकिटाला आली. तिच्या ओठांवर असा काही रंग होता की बिरागोच्या हातातलं तिकीट हातातच राहिलं. ताडाच्या तेलात शिजलेल्या रश्शाला वर येतो ना, तसा तांबूस, आणि खाली किंचित तपकिरी. बिरागोच्या तोंडून निघून गेलं, "कुठून घेतलंस गं हे?"

मुलगी काळ्या कापडाकडे बघून गोंधळली. "हाजियाकडून," म्हणाली. "मागच्या बोळात."

"कितीला?"

मुलीने किंमत सांगितली आणि बिरागोच्या मनात तत्क्षणी आलं, लुटलं हिला. मग तिच्या ध्यानात आलं की आपण जिवंत आहोत.

पण तळावर गोष्ट लपते थोडीच! संध्याकाळच्या आत ती ओपोकुच्या थोरल्या बहिणीपर्यंत पोचली. दुफिए आंटी दुसऱ्या दिवशी दारात उभी. "माझ्या भावाची माती अजून ओली आहे आणि तू लिपस्टिकचे भाव विचारतेस? कोणासाठी गं? सांग ना, कोणासाठी?" बिरागोने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. वर्ष पुरं व्हायचं होतं, आणि ते ती एका दिवसानेही कमी करणार नव्हती. पण त्या दिवसापासून नात्यातल्या बायका तिच्याकडे जरा निरखून बघायला लागल्या.

"वाळलं," हाजियाने आरसा पुढे धरला. "बघ. हाच ना तो?"

हाच होता. बिरागोने आरसा घेतला आणि बोळाच्या तोंडाशी उन्हात गेली. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा कधीच विश्वास नव्हता. उन्हात तिने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. केस अजून बोटाच्या पेराएवढेच होते, गालाची हाडं वर आली होती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो रंग असा बसला होता, जसा काही जागा धरून वाट बघत होता.

"पुसून बघ," हाजिया आतून म्हणाली. "फुफू खा, सूप पी, नवऱ्याचा..." आणि एकदम थांबली.

"बोल की," बिरागो म्हणाली. "नवऱ्याचा मुका घे, निघायचं नाही. बोललीस म्हणून काही होत नाही गं."

मग तिने वर्षभराचा हिशेब काढला. पैशांचा नव्हे, बाजारात काय काय येऊन गेलं याचा. "हे काय? ही बाटली?"

"सगळं लावून झालं की वरून तोंडावर फवारायचं. घामाने उतरत नाही."

"डासांचं औषध तर नाही ना? आणि हे?"

"भुवयांचं मेण. पेन्सिल आता म्हाताऱ्या वापरतात."

"मी एक वर्ष नव्हते तर माझी पेन्सिल म्हातारी झाली?"

बोलता बोलता बिरागोचा हात फळीखालच्या टोपलीकडे गेला. चेपलेली खोकी, फाटकी वेष्टनं, कोणी परत आणलेला माल. तिचं खरं दुकान ते. गिऱ्हाइकं वरच्या फळ्या बघायची, बिरागो टोपली. ढवळता ढवळता तळाशी एक खोकं लागलं, एका बाजूने पार फाटलेलं. आतली बाटली शाबूत होती. फाउंडेशन, आणि तेही इतकं गडद की तिने बाटली पुन्हा उजेडात धरली. असे रंग मुळात कमी येतात, आणि आले तरी तिच्या तोंडावर राखेसारखे दिसतात. तिने झाकण काढून वास घेतला, तळाची तारीख वाचली, बोटावर एक थेंब घेतला.

आणि थेंब घेतलेलं बोट उजवीकडे वळलं. उजवीकडे कोणी नव्हतं, रिकामी भिंत होती.

हाजियाने ते पाहिलं. तिने आपली बाही वर सारली आणि हात पुढे केला.

बिरागोने त्या हाताकडे बघितलं. "तुझा हात काय कामाचा? दुधात चहा पडल्यासारखा तर आहे."

"माझ्या आईवर गेले मी, माझा काय दोष!"

दोघी हसल्या. बिरागोचे डोळे भरले होते, पण ते हसण्याने की कशाने, हे विचारायच्या भानगडीत हाजिया पडली नाही. बिरागोने तो थेंब स्वतःच्याच कानाखाली लावला, पसरवला, आणि पुन्हा उन्हात गेली. थेंब कातडीत गेला तो दिसेना.

"कितीला?" परत येऊन तिने विचारलं.

हाजियाने आकडा सांगितला.

"फाटक्या खोक्याचे? एवढ्यात तर मला दुकानासकट तू मिळशील."

"बिरागो, तुझ्या नवऱ्याचा मान मी ठेवते. पण माझा अजून जिवंत आहे, त्याला जेवायला घालावं लागतं."

"घाल की. अर्ध्या किमतीत घाल. या टोपलीत हात घालणारी मी एकटी आहे, हे तुलाही माहीत आहे. मी गेले तर ही बाटली तुझ्या नातवंडांना खेळायला."

शेवटी लिपस्टिक आणि फाउंडेशन मिळून अर्ध्याला सुटलं. वर हाजियाने भुवयांच्या मेणाची लहान डबी पिशवीत टाकली. "ही माझ्याकडून. उद्या समोरच्या रांगेत बसशील, म्हाताऱ्या पेन्सिलीने नको."

रविवारी उजाडता उजाडता दुफिए आंटी आली. पांढरं कापड नेसवायचा मान नणंदेचा. ती हातात घडी घेऊन खोलीत शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. बिरागो तयार होऊन आरशासमोर बसली होती. कोरलेल्या भुवया, एकसारखी काळीभोर कांती आणि तो रंग.

"पूस ते," दुफिए म्हणाली.

"सुप्रभात, आंटी."

"पूस आधी. चर्चमध्ये जायचंय, लग्नात नाही."

"नाही पुसणार, आंटी," बिरागो शांतपणे म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेवढं सगळं केलं. केस दिले, कानातलं दिलं, वर्षभर काळं नेसले. उतारू मला माझीच थोरली बहीण समजले, तेही ऐकून घेतलं. वर्ष तुमचं होतं. आजचा दिवस माझा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ओपोकुची बायको आली. अशीच तर होती मी. तुमच्या भावाने मला मागणी घातली ती काय तोंड धुतलेलं बघून?"

दुफिएच्या कपाळाची शीर ताठली. तिने कमरेचा रुमाल काढला, कोपरा पाण्याच्या मडक्यात बुडवला, आणि सरळ पुढे येऊन बिरागोची हनुवटी पकडली. बिरागोने मान मागे घेतली नाही. दुफिएने ओठ पुसले. मग जोर लावून पुसले. मग रुमाल बघितला.

रुमाल पांढराच होता.

तिने ओठांकडे बघितलं. रंग जागच्या जागी. तिने दुसरा कोपरा भिजवला आणि बंबाचं पितळ घासावं तसं घासलं. काही नाही.

"हे काय लावलंयस?" दुफिए थक्क होऊन म्हणाली. "दाराचा ऑइलपेंट?"

बिरागोने दाबून धरलेलं हसू फुटलं. आणि दुफिए, जिला भावाच्या मरणापासून कोणी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, तिच्या नाकातून आधी एक फुस्स आवाज आला आणि मग ती पलंगावर बसून पोट धरून हसायला लागली. हसता हसता मध्येच ती "माझा भाऊ, माझा भाऊ" म्हणून रडायला लागली. बिरागो तिच्याशेजारी जाऊन बसली. त्याच पलंगाच्या कडेला, दोघी, बराच वेळ.

शेवटी दुफिएने त्याच रुमालाने आपलं तोंड पुसलं. "हातावर रेघा घेऊन माझ्या घरी जेवायला यायचा," ती म्हणाली. "मी म्हणायचे, अरे बाप्या आहेस ना तू? तर म्हणायचा, ताई, फुकटचा धंदा आहे, फक्त बसून राहायचं." तिने नाक शिंकरलं, उठली, कापडाची घडी झटकली. "ऊठ. उशीर होतोय."

कापड नेसवताना ती एकदाच बोलली, तेही पाठीमागून, गाठ मारता मारता.

"कितीला पडलं ते?"

"अर्ध्या किमतीत, आंटी."

"हं," दुफिए म्हणाली. गाठ तिने घट्ट मारली.

चर्चमध्ये माना वळल्या. कोणी कोणाच्या कानाला लागलं. पण दुफिए बिरागोचा हात धरून मधल्या वाटेने चालत होती, आणि जी जी बाई टक लावून बघत होती तिच्याकडे ती असं बघत होती की ती बाई लगेच गाण्याच्या पुस्तकात डोकं खुपसत होती. समोरच्या रांगेत दोघी शेजारी बसल्या. आभाराचं गाणं लागलं तेव्हा बिरागो सगळ्यांसारखी पांढरा रुमाल हलवत पुढे नाचत गेली, दानाच्या पेटीत नोट टाकून परत आली. तळावरचे ड्रायव्हर मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते. त्यातला एक न राहवून ओरडला, "मास्तरीण परत आली रे!" पाद्रीबाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बाहेर आंब्याखाली फोटोवाला उभा होता. आधी घरातल्या सगळ्यांचा फोटो झाला, मग दुफिए आणि बिरागोचा. मग फोटोवाला आदराने म्हणाला, "आता मामे, तुमचा एकटीचा."

बिरागो झाडासमोर जाऊन उभी राहिली. पदर नीट केला, हनुवटी वर केली.

फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून बघितलं, डोळा काढला, पुन्हा बघितलं. "मामे, तुम्ही कडेला गेलात. तुमच्या उजवीकडे सगळं मोकळंच दिसतंय. जरा मध्ये या."

बिरागोने उजवीकडे पाहिलं. लग्नापासून काढलेल्या प्रत्येक फोटोत ती अशीच, एका माणसाची जागा सोडून उभी राहत आली होती. तिने पायाने जमीन चाचपडल्यासारखं केलं. मग सावकाश एक पाऊल सरकून ती मध्ये आली.

"आता?" तिने विचारलं.

"आता बरोबर," फोटोवाला म्हणाला.